स्टार्टरच्या डब्यातून क्लास शिकूया: खऱ्या वस्तूच्या अवस्था प्रोग्रॅममध्ये कशा मांडायच्या

चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची केळी आहे. प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर पहिला खरा उपयोग म्हणून मी मोटरीच्या तासांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री दहा ते सहा होती. दहा वाजून पाच मिनिटांनी मोटर सुरू केली, सकाळी सहाला बंदची नोंद टाकली. प्रोग्रॅमनं सांगितलं, मोटर ७ तास ५५ मिनिटं चालली. वडील बागेत जाऊन आले आणि म्हणाले, "दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पुढं पाणी गेलंच नाही."

रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी लाइट गेली होती. दोन तासांनी परत आली, पण आमच्या स्टार्टरला (मोटर सुरू-बंद करणाऱ्या डब्याला) लाइट आली की मोटर आपोआप उचलणारा ऑटो स्विच नाही आणि घरात सगळे झोपलेले. म्हणजे मोटर चालली फक्त दोन तास. गंमत अशी नव्हती की प्रोग्रॅमला लाइट गेल्याचं कळलं नाही. कळलं होतं, तशी नोंदही होती. पण 'लाइट गेली' या गोष्टीचा 'मोटर चालू आहे' या गोष्टीशी काही संबंध आहे, हे मी त्याला कुठंच सांगितलं नव्हतं.

क्लास, म्हणजे एका जातीच्या वस्तू घडवायचा साचा, शिकवताना मी आता याच उदाहरणापासून सुरुवात करतो. क्लास कसा लिहायचा हे तासाभरात येतं. वस्तूची अवस्था नीट पकडणं याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि ते काम कीबोर्डवर होत नाही.

कोड वाचण्याआधी

भाषा पायथन घेतली आहे. पायथन ३ पासून व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लास यांची नावं देवनागरीत देता येतात, आणि नवशिक्यांनी ती तशी द्यावीत असं माझं ठाम मत आहे. 'हिरवं_बटन' हे नाव वाचल्यावर डोक्यात बटनच येतं. खाली वाचायला सलग जावं म्हणून सगळाच कोड देवनागरीत दिला आहे. टाइप करताना मात्र पायथनचे ठरलेले शब्द, म्हणजे क्लास, डेफ, सेल्फ, इफ, रिटर्न वगैरे, रोमन लिपीतच द्या; कोडमधले आकडेही इंग्रजी अंकांत.

एक काळजी घ्या. रोमन लिपीत क्लासचं नाव मोठ्या अक्षरानं आणि ऑब्जेक्टचं (त्या साच्यातून घडलेल्या एकेका वस्तूचं) छोट्या अक्षरानं सुरू करून फरक दाखवतात. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही. क्लासला 'स्टार्टर' म्हटलं आणि ऑब्जेक्टलाही 'स्टार्टर' म्हटलं, तर दुसरं नाव पहिल्याला पुसून टाकतं. म्हणून ऑब्जेक्टला ठिकाणाचं नाव द्या: विहिरीचा, बोअरचा.

आधी डब्यासमोर उभे राहा

आपण म्हणतो "मोटर सुरू कर", पण हात जातो स्टार्टरकडे. मोटर विहिरीत किंवा बोअरमध्ये असते. तिला वीज मिळाली की फिरते, नाही मिळाली की थांबते. 'मी सुरू आहे' हे लक्षात ठेवण्याचं काम स्टार्टरच्या आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच, करतो. हिरवं बटन क्षणभर दाबलं की कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर खट्‌कन ओढला जातो आणि मग स्वतःच्याच एका जोडीच्या संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. बोट काढलं तरी मोटर चालू राहते ती यामुळे. लाइट गेली की कॉइलची पकड सुटते. लाइट परत आली तरी कॉन्टॅक्टर आपोआप ओढला जात नाही, कारण बटन कोणी दाबलेलं नसतं.

अवस्था लक्षात कोण ठेवतं, हा पहिला प्रश्न. ज्या वस्तूत ती राहते तिचा क्लास करायचा. म्हणून आपला क्लास 'स्टार्टर', 'मोटर' नव्हे.

आता अवस्था मोजा. बंद आणि सुरू या दोन सगळ्यांना सुचतात. तिसरी ट्रिप. भार वाढला, एखादा फेज गेला की मोटर जास्त करंट ओढते, ओव्हरलोड रिलेतली पट्टी तापून वाकते आणि स्टार्टर पडतो. ही अवस्था 'बंद'पेक्षा वेगळी आहे, कारण आता हिरवं बटन कितीही दाबा, मोटर उचलत नाही. आधी रिले गार होऊन रीसेट व्हावा लागतो. आमच्या स्टार्टरवर रीसेटचं वेगळं बटन नाही, लाल बटनच ते काम करतं. मोटर चालू असताना लाल बटन म्हणजे 'थांब', ट्रिप असताना तेच बटन म्हणजे 'रीसेट'. बटन एक, बोट एक, अर्थ मात्र आतल्या अवस्थेवरून ठरतो. अवस्था म्हणजे काय, हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कशानं दाखवता आलेलं नाही.

चुकीची मांडणी, जी सगळ्यांकडून होते

माझा पहिला क्लास असा होता ('__इनिट__' म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन, 'सेल्फ' म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः):

```
क्लास स्टार्टर:
    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.चालू = फॉल्स
        सेल्फ.बंद = ट्रू
        सेल्फ.ट्रिप = फॉल्स
        सेल्फ.लाइट = फॉल्स
```

वाचायला अगदी सरळ. पण मोजून बघा. चार हो-नाहीच्या खुणा, म्हणजे १६ जुळण्या. खऱ्या डब्यात त्यातल्या किती होऊ शकतात? लाइट असताना तीन: बंद, सुरू, ट्रिप. लाइट नसताना दोन: बंद, ट्रिप. एकूण ५. उरलेल्या ११ जुळण्या जगात कुठंच नाहीत. 'चालूही आणि ट्रिपही', 'चालू आहे पण लाइट नाही' असल्या. माझा प्रोग्रॅम त्या रात्री दोन तास नेमका शेवटच्या जुळणीत बसला होता, आणि लाइट परत आल्यावर 'चालू' ही खूण तशीच उभी राहिल्यानं सकाळपर्यंत मिनिटं मोजत राहिला.

'बंद' ही खूण तर हवीच कशाला? जे एकमेकांसोबत असूच शकत नाही, ते एकाच जागी ठेवायचं. त्यासाठी पायथनमध्ये इनम आहे, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी, आवृत्ती ३.४ पासून (त्यातला 'ऑटो' ३.६ पासून):

```
फ्रॉम इनम इम्पोर्ट इनम, ऑटो

क्लास स्थिती(इनम):
    बंद = ऑटो()
    सुरू = ऑटो()
    ट्रिप = ऑटो()
```

(पहिल्या ओळीतला पहिला 'इनम' छोट्या अक्षरानं, दुसरा मोठ्या अक्षरानं.) आता स्टार्टर एका वेळी एकाच स्थितीत असू शकतो. 'सुरू'च्या जागी 'सुरु' टाइप झालं तर पायथन ती ओळ आली की लगेच ओरडतो. साधे शब्द अवतरणात ठेवले असते तर ऱ्हस्व-दीर्घाची ही चूक महिनाभर लपून राहिली असती. मराठीत लिहिणाऱ्याला इनमचा हा फायदा फार मोठा आहे.

कागदावरचा तक्ता

ही पायरी टाळू नका. वहीचं पान आडवं धरा. वर अवस्था, डावीकडे घटना. घटना म्हणजे बाहेरून वस्तूवर जे घडतं ते.

| घटना | बंद असताना | सुरू असताना | ट्रिप असताना |
|---|---|---|---|
| हिरवं बटन | लाइट असेल तर सुरू | सुरूच | नकार |
| लाल बटन | बंदच | बंद | बंद (रीसेट) |
| लाइट गेली | बंदच | बंद | ट्रिपच |
| लाइट आली | बंदच; ऑटो असेल तर सुरू | घडू शकत नाही | ट्रिपच |
| जास्त भार | घडू शकत नाही | ट्रिप | घडू शकत नाही |

पंधरा चौकटी, आणि प्रत्येक भरायचीच. 'घडू शकत नाही' हेही उत्तर आहे. 'लाइट गेली' आणि 'ट्रिप' यांची चौकट भरताना मी अडलो होतो. लाइट गेल्यावर ट्रिप सुटतो का? नाही, रिलेची ती यांत्रिक खिट्टी आहे, ती विजेवर टिकून नसते. हे मला आमच्या वायरमननं डबा उघडून दाखवलं. तक्ता भरताना जिथं अडाल, तिथं उठून त्या वस्तूकडे जा किंवा ती रोज हाताळणाऱ्याला विचारा. संगणकासमोर बसून अंदाजानं भरलेली चौकट नंतर बग होऊन परत येते.

आता क्लास

```
क्लास स्टार्टर:
    डेफ __इनिट__(सेल्फ, एचपी, ऑटो_स्विच=फॉल्स):
        सेल्फ.एचपी = एचपी
        सेल्फ.ऑटो_स्विच = ऑटो_स्विच
        सेल्फ.मिनिटं = ०
        सेल्फ._लाइट = फॉल्स
        सेल्फ._स्थिती = स्थिती.बंद
        सेल्फ._केव्हापासून = नन

    डेफ _बदल(सेल्फ, नवी, वेळ):
        इफ सेल्फ._स्थिती इज स्थिती.सुरू:
            सेल्फ.मिनिटं += वेळ - सेल्फ._केव्हापासून
        इफ नवी इज स्थिती.सुरू:
            सेल्फ._केव्हापासून = वेळ
        सेल्फ._स्थिती = नवी
```

या तुकड्यात सगळ्यात महत्त्वाचं '_बदल'. स्थिती बदलायचा हा एकच दरवाजा. मोटर लाल बटनानं थांबो, लाइट जाऊन थांबो की ट्रिप होऊन, 'सुरू'मधून बाहेर पडताना मिनिटांचा हिशेब इथंच होतो. पहिल्या प्रोग्रॅममध्ये तो हिशेब मी फक्त लाल बटनाच्या फंक्शनमध्ये लिहिला होता, आणि चूक तिथंच होती.

नावाच्या आधीची छोटी रेघ म्हणजे 'बाहेरच्यांनी हात लावू नये' अशी खूण. पायथन कोणाला अडवत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

'वेळ' बाहेरून का घेतली? फंक्शनच्या आत संगणकाचं घड्याळ बघितलं असतं, तर रात्रभराचा प्रसंग तपासायला रात्रभर बसावं लागलं असतं. इथं वेळ म्हणजे रात्री दहापासून झालेली मिनिटं, साधा आकडा.

आता तक्त्यातली एकेक आडवी ओळ म्हणजे एकेक फंक्शन:

```
    डेफ हिरवं_बटन(सेल्फ, वेळ):
        इफ नॉट सेल्फ._लाइट:
            रेझ रनटाइमएरर("लाइट नाही")
        इफ सेल्फ._स्थिती इज स्थिती.ट्रिप:
            रेझ रनटाइमएरर("ट्रिप आहे, आधी लाल बटन")
        सेल्फ._बदल(स्थिती.सुरू, वेळ)

    डेफ लाल_बटन(सेल्फ, वेळ):
        सेल्फ._बदल(स्थिती.बंद, वेळ)

    डेफ लाइट_गेली(सेल्फ, वेळ):
        सेल्फ._लाइट = फॉल्स
        इफ सेल्फ._स्थिती इज स्थिती.सुरू:
            सेल्फ._बदल(स्थिती.बंद, वेळ)

    डेफ लाइट_आली(सेल्फ, वेळ):
        सेल्फ._लाइट = ट्रू
        इफ सेल्फ.ऑटो_स्विच अँड सेल्फ._स्थिती इज स्थिती.बंद:
            सेल्फ._बदल(स्थिती.सुरू, वेळ)

    डेफ जास्त_भार(सेल्फ, वेळ):
        इफ सेल्फ._स्थिती इज स्थिती.सुरू:
            सेल्फ._बदल(स्थिती.ट्रिप, वेळ)
```

फंक्शनांची नावं बघा. 'स्थिती_ठेव(सुरू)' असं एकही नाही. खऱ्या डब्याची स्थिती कोणी बोटानं 'ठेवत' नाही. बटन दाबलं जातं, लाइट येते-जाते, भार वाढतो. नाव घटनेचं दिलं की आत काय व्हायचं ते वस्तू स्वतः ठरवते. 'ठेव' म्हणणारं फंक्शन दिलं, की ट्रिप असतानाही कोणीतरी 'सुरू' ठेवून जातो.

खरं हिरवं बटन लाइट नसताना दाबलं तर नुसतं गप्प बसतं. आपण मात्र चूक उभी केली आहे. डब्यासमोर उभा माणूस आवाजावरून ओळखतो की मोटर उचलली नाही. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून सांगावं लागतं.

ती रात्र पुन्हा चालवून बघू

```
विहिरीचा = स्टार्टर(५)
विहिरीचा.लाइट_आली(०)
विहिरीचा.हिरवं_बटन(५)
विहिरीचा.लाइट_गेली(१२५)
विहिरीचा.लाइट_आली(२४५)
विहिरीचा.लाल_बटन(४८०)
असर्ट विहिरीचा.मिनिटं == १२०
```

('असर्ट'पुढची अट खोटी निघाली तर प्रोग्रॅम तिथंच थांबतो.) १२० मिनिटं, दोन तास. वडिलांनी बागेत जे पाहिलं तेच आता प्रोग्रॅम सांगतो. हाच प्रसंग 'ऑटो_स्विच=ट्रू' देऊन चालवा: ऑटो मोटर ०लाच उचलतो, म्हणून सुरुवातीची ५ आणि २४५ ते ४८० ही २३५ मिनिटं वाढून उत्तर ३६० यायला हवं. तक्त्याच्या प्रत्येक चौकटीसाठी अशी एकेक तपासणी लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण पंधराच आहेत.

काय साठवायचं, काय काढायचं

वीज किती युनिट लागली हे हवं असेल तर आणखी एक व्हेरिएबल ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. १ एचपी म्हणजे सुमारे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. दोन तासांचे साधारण साडेसात युनिट. (एचपी हा आकडा मोटरीनं दिलेल्या ताकदीचा असतो, ती ओढते त्याहून थोडी जास्त, अंदाजाला एवढं चालतं.)

```
    @प्रॉपर्टी
    डेफ अंदाजे_युनिट(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.एचपी * ०.७४६ * सेल्फ.मिनिटं / ६०
```

('@प्रॉपर्टी'मुळे हे फंक्शन कंस न देता, व्हेरिएबलसारखं वाचता येतं.) जे दुसऱ्यावरून काढता येतं ते साठवलं, की एक बदलतं आणि दुसरं जुनंच राहतं.

दोन 'बंद' एकच आहेत का?

इथं थोडं थांबायचं आहे. ऑटो स्विच लावलेला स्टार्टर घ्या. कोणी लाल बटन दाबून पंपाचं काम करायला बसलं. तेवढ्यात लाइट गेली आणि पाच मिनिटांनी आली. आपल्या तक्त्याप्रमाणे मोटर आपोआप सुरू होईल, आणि माणसाचा हात पंपात असेल.

म्हणजे 'हातानं बंद केलेला' आणि 'लाइट गेल्यानं बंद पडलेला' या दोन अवस्था झाल्या का? माझी कसोटी अशी: एकच घटना घडल्यावर दोघांनी वेगळं वागायला हवं असेल, तर त्या दोन वेगळ्या अवस्था. वागणं सारखंच असेल, तर नावं दोन असली तरी अवस्था एक. इथं 'लाइट आली' या घटनेला उत्तर वेगळं हवं, म्हणून सुरक्षित स्टार्टर बनवायचा असेल तर इनममध्ये चौथी ओळ वाढवा, 'लाइटमुळे_बंद', आणि ऑटोनं फक्त तिथूनच उचलावं.

पण आधी ठरवा, तुम्ही आहे त्या डब्याची नक्कल करताय की हवा तसा डबा घडवताय. साध्या ऑटो स्विचला हा फरक कळत नाही; तीन फेज आले की तो मोटर उचलतो. म्हणूनच पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, हा नियम मोडायचा नसतो. तुमचा प्रोग्रॅम खऱ्या डब्याचे तास मोजणार असेल, तर त्यातला ऑटो स्विचही तितकाच अडाणी ठेवावा लागेल. नाही तर हिशेब पुन्हा चुकेल.

याच रस्त्यानं आणखी एक अवस्था येते. लाइट येताच "लाइट उनी!" म्हणत सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उचलल्या, तर डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) मोठा ताण येतो, कारण थेट सुरू होणारी मोटर उचलताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. म्हणून काही मिनिटं थांबून उचलणारे ऑटो असतात. त्यांच्यासाठी 'वाट_बघतोय' ही अवस्था आणि 'मुदत_संपली' ही घटना. तक्त्यात एक उभी आणि एक आडवी ओळ वाढते, नव्या चौकटी भरायच्या, बाकी कोड जवळपास तसाच.

एक क्लास, अनेक डबे

विहिरीवर एक स्टार्टर, बोअरवर दुसरा. क्लास एकच, ऑब्जेक्ट दोन. इथं नवशिक्यांना हमखास लागणारी ठेच सांगतो. घटनांची नोंद ठेवायला कोणी असं लिहितं:

```
क्लास स्टार्टर:
    नोंदी = []
```

ही यादी क्लासची झाली, डब्याची नाही. विहिरीच्या नोंदी बोअरच्या वहीत दिसायला लागतात, कारण वही एकच आहे आणि दोघं तीतच लिहितात. प्रत्येकाला आपली वही हवी असेल तर ती '__इनिट__'च्या आत द्या: 'सेल्फ.नोंदी = []'.

लाइट मात्र खरंच सामायिक असते. ती एकट्या स्टार्टरची नसते, डीपीवरच्या सगळ्यांची एकदम जाते. मग डीपीचा वेगळा क्लास करा, त्याला जोडलेल्या स्टार्टरांची यादी द्या आणि निरोप तिथून पोचू द्या:

```
क्लास डीपी:
    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.जोडलेले = []

    डेफ लाइट_गेली(सेल्फ, वेळ):
        फॉर डबा इन सेल्फ.जोडलेले:
            डबा.लाइट_गेली(वेळ)
```

डीपी कोणाची स्थिती बदलत नाही. फक्त घटना सांगते. ट्रिप असलेला ट्रिपच राहतो, चाललेला बंद पडतो. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६७ साली सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणले, तेच मुळी खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवता यावी म्हणून. डीपी आणि तिच्यावरचे स्टार्टर हे त्याच जातीचं काम आहे.

स्वतः करून बघायला: केळी

स्टार्टर फिरून फिरून त्याच अवस्थांत येतो. केळीचं झाड तसं नाही. लागवड, वाढ, निसवण (घड बाहेर पडणं), घड भरणं, कापणी. मागं जायला रस्ता नाही. तक्ता केलात तर बहुतेक चौकटींत 'घडू शकत नाही' येईल, आणि ते बरोबरच आहे.

खरा प्रश्न कापणीनंतर येतो. घड कापला की ते झाड संपलं, पण बुडाशी ठेवलेला पील (कोंब) वाढतो आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडाचं दुसरं पीक, उभा राहतो. तर खोडवा म्हणजे त्याच ऑब्जेक्टची स्थिती पुन्हा 'वाढ' करायची, की नवा ऑब्जेक्ट?

माझं उत्तर: झाड नवं, जागा जुनी. पहिल्या झाडाच्या निसवणीची तारीख, घडाचं वजन या त्याच्या गोष्टी आहेत. तोच ऑब्जेक्ट पुन्हा वापरला तर त्या पुसाव्या लागतील आणि नवतीचा (पहिल्या पिकाचा) घड भारी होता की खोडव्याचा, हे कधीच विचारता येणार नाही. ठिबकची नळी, ओळ क्रमांक, दोन झाडांतलं अंतर हे मात्र जागेचं आहे आणि दोन्ही पिकांत तेच राहतं. म्हणून दोन क्लास करा, 'जागा' आणि 'झाड'. जागेकडे झाडांची यादी, आणि 'कापणी' या फंक्शनमध्ये जुन्या झाडाला 'कापलेलं' करून यादीत नवं झाड जोडा. लागवड मृगबागेची आहे की कांदेबागेची (हे लागवडीचे दोन हंगाम), हे यातल्या कोणाकडे ठेवायचं, ते तक्ता भरताना तुमचं तुम्ही ठरवा; खोडव्याला ते लागू होतं का, एवढं आधी बागवाल्याला विचारून घ्या.